तीन नंबरचं दार

मामांनी चिठ्ठी हातभर लांब धरून वाचली, उलटी करून मागं काही लिहिलंय का ते बघितलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या शेवंताबाईंना म्हणाले, "बघा, आमची भाची आज मुकी हाय. पण भ्यायचं काय सोडलं न्हाई."

शेवंताबाई हसल्या. त्यांच्या मागं रिकामी क्रेट कमरेवर घेऊन उभ्या असलेल्या बायकाही हसल्या. हसायला मौनात बंदी नसते, पण माझे ओठ सुकून एकमेकांना चिकटले होते.

चिठ्ठीत मी लिहिलं होतं, 'तीन नंबरचं दार उघडू नका. फोनवर दिसतंय ते खरं नाही. आत गॅस असू शकतो.'

"असू शकतो," मामा म्हणाले. "म्हणजे हाय का न्हाई?"

मी मान हलवली. मला माहीत नव्हतं.

"झालं तर मग. चहा घे. का चहा पण सोडलाय आज?"

सुरगोंडा मगदूम हे माझे थोरले मामा. तासगाव रस्त्याला त्यांचं कोल्ड स्टोअरेज होतं. बेदाण्याचं. देवळाच्या सभामंडपाएवढ्या मोठ्या खोल्या, त्यांना चेंबर म्हणतात, आणि प्रत्येक चेंबरला वीतभर जाडीचं दार. आत छतापर्यंत बेदाण्याची खोकी. खोली गार ठेवणाऱ्या नळ्यांमधून अमोनिया वायू फिरतो. तो नळीत आहे तोवर गुणाचा. बाहेर सुटला की आधी डोळे जातात, मग घसा. आणि बंद चेंबरमध्ये रात्रभर साठून राहिला, तर दार उघडणाऱ्या माणसाला दुसरा श्वास घ्यायची सवड मिळत नाही.

सौद्याच्या, म्हणजे लिलावाच्या, दिवशी पहिलं दार मामा स्वतः उघडत. आजोबांपासूनची रीत. हात धुवायचे, दाराला कपाळ टेकवायचं, मनात णमोकार म्हणायचा आणि कडी ओढायची. मग बायका आत शिरणार. त्या दिवशी सौदा होता, आणि माल तीन नंबरमध्ये होता.

मी दुसरा कागद काढला.

माझा धंदा आता सांगायला हवा. सांगलीतल्या आणि आसपासच्या व्यापाऱ्यांना मी संगणकाच्या कामात सल्ला देते. हळदीच्या पेढ्या, दोन दवाखाने, एक पतसंस्था, आणि बेदाण्याची बरीच मंडळी. कुठलं यंत्र घ्या, कुठलं घेऊ नका, कुणाच्या बोलण्याला भुलू नका. दर सोमवारी मी त्यांना फोनवर एक टिपण पाठवते. जगात संगणकाच्या धंद्यात काय घडलं ते चार ओळींत, त्याचा अर्थ चार ओळींत, आणि शेवटी एक सदर, 'आपल्याला काय?' लोक तेवढंच वाचतात. बरेचसे तेही वाचत नाहीत. मामा तर उघडून बघतही नसत. "त्रिशलाची आकाशवाणी," असं म्हणत. "अमेरिकेत कुणी शिंकलं की हिला इथं पडसं होतंय."

त्यांचंही चुकत नव्हतं. चोरट्यांनी कुठल्याशा देशात दवाखान्याचे संगणक बंद पाडले, की मी आमच्या दोन्ही दवाखान्यांत धावत जायची. कुठल्या बँकेची यंत्रणा कोलमडली, की पतसंस्थेच्या मॅनेजरना फोन. दहांतल्या नऊ वेळा काही निघायचं नाही. भीती ही माझ्या कामातच मुरलेली आहे. आणि म्हणूनच असेल, मी नियम धरून राहते. रोज सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जिनमंदिरात, देवापुढं उभी राहून दिवसाचा एक नियम घेते. कधी मीठ सोडते, कधी गोड, कधी ठरवलेल्या दिशेला पाऊल टाकत नाही. आईनं लावलेली सवय. त्या सोमवारी अष्टमी होती, म्हणून दुपारी बारापर्यंत मौन घेतलं होतं. लिहायची मुभा ठेवली होती, कारण पोटापाण्याचं काम लिहिण्याचं.

पूजा आटोपून मी टिपण लिहायला बसले आणि बातम्या चाळू लागले. एका मोठ्या परदेशी कंपनीनं एक लहान कंपनी विकत घेतली होती. फोटोत दोन्हीकडचे लोक हातात हात घालून हसत होते. असल्या बातम्या मी शेवटाकडून वाचते, कारण वरचा मजकूर विकत घेणाऱ्यानं सांगितलेला असतो आणि ज्याचं नुकसान होणार त्याच्यासाठीची ओळ तळाला असते. तळाला लिहिलं होतं, लहान कंपनीची जुनी सेवा बंद करण्यात आली आहे, ग्राहकांना तसं कळवलेलं आहे.

त्या लहान कंपनीचं नाव मी कुठंतरी पाहिलं होतं. आठवायला वेळ लागला नाही. मामांच्या कोल्ड स्टोअरेजच्या भिंतीवर, पांढऱ्या डब्यावर बारीक अक्षरात. अमोनियाची गळती ओळखणारं आणि तापमान मोजणारं यंत्र. पुण्याच्या एका विक्रेत्यानं बसवून दिलेलं. यंत्र भिंतीवर, पण त्यानं मोजलेला आकडा आधी त्या परदेशी कंपनीच्या संगणकावर जायचा आणि तिथून मामांच्या फोनवर यायचा. हिरवी खूण, खाली 'सुरक्षित'.

ग्राहकांना कळवलेलं आहे. कुणाला? विक्रेत्याला कळवलं असेल. विक्रेता दिवाळीला मिठाई पाठवायचाही विसरून गेला होता.

मामांच्या यंत्रणेत बघण्याची परवानगी माझ्याकडे होती. मी उघडलं. हिरवी खूण. गॅस शून्य. तापमान चार पूर्णांक दोन. मला हायसं वाटलं. जप करावा तशी मी त्या आकड्याकडे बघत बसले, आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं. आकडा हलत नव्हता. चेंबरचं तापमान कधी असं दगडासारखं राहत नाही. मशीन सुरू झालं की थोडं उतरतं, थांबलं की चढतं. हा आकडा मेलेला होता. सेवा बंद पडली त्या क्षणाला जे शेवटचं आलं होतं, तेच फोन दाखवत होता. कधीपासून, ते देव जाणे.

मी मामांना मेसेज केला. बघितला नाही. आणखी तीन केले. मग सासूबाईंना कागदावर लिहून दिलं, मामांना फोन करा, दार उघडू नका म्हणावं. सासूबाईंनी केला. निम्मा वेळ मामींच्या गुडघ्यात गेला. शेवटी निरोप दिला त्यांनी, आणि फोन ठेवून मला म्हणाल्या, "बरं म्हणतायत. तू चहाला ये म्हणतायत."

आज कुणी विचारतं, तेव्हाच का नाही बोललीस? मौन मोडायचं माझ्या मनातच आलं नाही. भीती मला रोजची. तिच्यासाठी नियम मोडायचे ठरवले असते, तर माझ्याकडे एकही नियम उरला नसता. मी स्कूटर काढली.

आणि आता मामांच्या समोर उभी राहून दुसरी चिठ्ठी लिहीत होते. 'यंत्राची कंपनी विकली गेली. सेवा बंद. आकडे जुने आहेत.'

मामांनी वाचलं. "कंपनी विकली. बरं. मग भिंतीवरचं यंत्र काय पळून गेलं? अगं, म्हैस विकली म्हणून दूध द्यायची थांबतीया का?"

बायकांत पुन्हा हशा. एक म्हणाली, "नव्या मालकाला लाथ मारती, अण्णा."

"मारू दे की. माझं काय जातंय!" मामांनी खिशातून फोन काढून माझ्या नाकासमोर धरला. "ह्ये बघ. हिरवं. गार हाय, गॅस न्हाई. तूच दाखवलंस ना मला कसं बघायचं ते? आता मी शिकलो तर तुला पटंना."

मी भिंतीकडे बोट केलं. यंत्राच्या वर भोंगा असायचा. तो यंत्राला थेट जोडलेला होता. परदेशातली कंपनी असो वा नसो, गॅस लागला की तो वाजणारच. आमच्या सगळ्यांचा खरा पहारेकरी तो. भोंगा जागेवर नव्हता; त्याच्या वायरी तेवढ्या कापून काळ्या चिकटपट्टीत गुंडाळून ठेवल्या होत्या.

मी मामांकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक. ते जरा चिडले.

"अशी बघू नको. पलीकडं महाराज बसल्यात चातुर्मासाला. कुंपणाला लागून मांडव. मशीनमधनं जरा तेल काढलं, थोडा वास सुटला, की तुझा भोंगा बोंबलतोय. महाराज सामायिकाला बसल्यात, दोनशे माणूस डोळं मिटून बसलंय, आणि हितनं बोंब! त्येचं पाप कुणाच्या माथी? मी कमिटीचा अध्यक्ष हाय. काढून टाकला. फोनवर येतंय की सगळं."

मी त्यांच्या जागी असते तर मीही काढला असता, असं मला त्या क्षणी वाटून गेलं, आणि त्यानं मी जास्तच घाबरले.

मामांनी नळावर हात धुतले. पंच्याला पुसले. बायका हसायच्या थांबून मागं रांगेला लागल्या. शेवंताबाई सगळ्यांत पुढं. त्यांची सून दुसरी, नुकतीच कामाला यायला लागलेली. मामांच्या मागोमाग ह्या दोघी आत जाणार.

मी तिसरा कागद लिहायला घेतला आणि पेन उठेना. मशीन बघणारा आनंदा हात पुसत आला. मी त्याच्यापुढं माझी पहिली चिठ्ठी धरली. त्यानं वाचली, नाक वर करून हुंगलं.

"वास तर हितं रोजचाच हाय, ताई. आमाला आता कळत पण न्हाई." मग मामांकडे वळून तो सहज म्हणाला, "अण्णा, ते तीन नंबर बघायला पायजे एकदा. दोन दीस झालं, मशीन रेटून चालतंय पण गार धरंना. गॅस कमी पडल्यागत वाटतंय."

मामा दारापाशी पोचले होते. "सौदा झाल्यावर बघू," म्हणाले, आणि दाराला कपाळ टेकवलं.

मी आनंदाकडे बघत राहिले. गॅस कमी पडल्यागत. नळीतला गॅस कमी झाला, तर तो गेला कुठं? त्याला कळलं नव्हतं. मामांच्या फोनवर हिरवं होतं, गॅस शून्य होता; मग तो कशाला तसला विचार करेल? फोन चार पूर्णांक दोन दाखवत होता, आणि आनंदा म्हणत होता गार धरंना.

मामांचे ओठ हलत होते. ते थांबले. हात कडीवर गेला.

"मामा, थांबा."

मोठ्यानं नव्हे. माझा आवाज मोठा होत नाही, तेव्हाही झाला नाही. शेजारच्या माणसाला पाणी मागावं एवढ्याच आवाजात मी बोलले.

मामांचा हात कडीवरून खाली आला. ते वळले. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"तू बोललीस?"

"बोलले."

"बारा कुठं वाजल्यात?"

"नाही वाजले."

अंगणातल्या सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मला लहानपणापासून ओळखणारी ती सगळी माणसं. ताप आला तरी मी कधी नियम चुकवला नव्हता. लग्नाच्या दिवशी अष्टमी आली म्हणून मुहूर्त पुढं ढकलायला लावणारी मी. मामी त्यावरून अजून टोमणे मारतात. मामांच्या चेहऱ्यावरचं हसू कसं गेलं ते मी बघितलं. सगळ्या चिठ्ठ्या, सगळे सोमवार, जे करू शकले नव्हते ते झालं होतं. पण मला आनंद नव्हता. मला वाटलं, आता त्यांनाही माझ्याइतकीच भीती वाटतेय.

"शेवंता, मागं व्हा," ते म्हणाले. "सगळ्या. क्रेट टाका तिथंच. आनंदा, गंधक आण."

कंपनी कुठली, विकली कुणी, काही विचारलं नाही.

गळती शोधायची ती जुनी तऱ्हा. गंधकाची वात पेटवून जिथं शंका आहे तिथं धरायची. अमोनिया असला तर दाट पांढरा धूर होतो. आनंदानं ओल्या फडक्यानं नाकतोंड बांधलं, वात पेटवली, आणि हात लांब करून दाराच्या खालच्या फटीपाशी नेली. तिथलं रबर थोडं झिजलेलं होतं.

आधी काही दिसलं नाही. मग दाराच्या तळातून दुधासारखा धूर वळवळत वर आला. दाट, पांढरा, सावकाश. वात हलवली तसा तोही फटीच्या कडेनं हलला.

आनंदा वात टाकून मागं पळाला. शेवंताबाईंच्या सुनेनं तोंडावर पदर घेतला आणि खाली बसली. मामा जिथं होते तिथंच होते. ज्या हातानं कडी धरली होती तो हात त्यांनी पंच्याला पुसला, पुन्हा पुसला, पुन्हा पुसला.

"अण्णा, बाजूला या," मी म्हणाले. त्यांना मी कधी अण्णा म्हणत नाही.

पुढची कामं भराभर झाली. मशीन बंद केलं, मुख्य झडप बंद केली, एमआयडीसीतून मुखवटे घातलेले लोक बोलावले. मांडवात निरोप गेला. महाराजांनी कुणाला काही विचारलं नाही; मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू उचललं आणि वाऱ्याच्या उलट दिशेनं चालू लागले, मागून सगळे. बायकांना रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली बसवलं. शेवंताबाई मला म्हणाल्या, "पोरी, तुझा नियम मोडला गं," आणि रडायला लागल्या.

मला वाटलं, संपलं. तेवढ्यात आनंदा मामांजवळ आला. काहीतरी बोलायचं होतं, पण एक नाव कसं घ्यावं ते कळत नसल्यासारखा घुटमळत होता.

"काय रं?"

"अण्णा... धाकल्या मालकांकडं पण ह्येच यंत्र हाय. त्याच माणसानं बसवलंय."

मामा रस्त्याकडे वळले.

"आणि भोंगा त्यांनी पण काढलाय. तुमी काढला म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी काढला. म्हणालं, भक्ती काय एकट्या थोरल्याचीच हाय का."

धाकले मालक म्हणजे भूपाल मगदूम, माझे धाकटे मामा. आजोबांच्या माघारी वाटण्या झाल्या आणि त्यांनी याच रस्त्याला, ओढ्याच्या पलीकडं, स्वतःचं कोल्ड स्टोअरेज बांधलं. थोरल्यापेक्षा एक चेंबर जास्त. तेव्हापासून दोघा भावांत शब्द नाही. लग्नकार्यात एक जेवून उठला की दुसरा आत यायचा. माझ्या लग्नात मला दोन मामा, पण अंतरपाटाशी एकच, कारण दोघं एका वेळी उभे राहायला तयार नव्हते.

आणि सौद्याच्या दिवशी पहिलं दार भूपालमामाही स्वतःच उघडत. रीत त्याच आजोबांची.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. दार उघडायला जाताना ते फोन टेबलावर ठेवून जातात. देवाच्या कामात फोन नको म्हणतात. ऑफिसातही कुणी उचलेना. मामा माझ्या हातातल्या फोनकडे बघत होते.

"गाडी काढ," ते म्हणाले.

"मामा, तुम्ही राहा. मी जाते. तुम्हाला बघून ते..."

"गाडी काढ म्हणतो न्हवं."

ते माझ्या मागं बसले. वाटेत मी त्यांना विक्रीची बातमी सांगितली, मोठ्या कंपनीला लहानीची माणसं हवी होती, यंत्रं नव्हे; ते ऐकतायत असं वाटलं नाही. आयुष्यात स्कूटरवर बसले नसतील. ओढ्यावरच्या पुलावर खड्डा आला तेव्हा त्यांनी माझा खांदा घट्ट धरला. तोंडानं काहीतरी चालू होतं. मला वाटलं णमोकार असेल. कान देऊन ऐकलं तर नुसतं, "उघडू नको, उघडू नको, उघडू नको," असं चाललं होतं.

फाटक उघडं होतं. अंगणात तीच रांग, तशीच क्रेट, आणि रांगेच्या टोकाला दाराला कपाळ टेकवून उभे असलेले भूपालमामा. पाठमोरे दोघं भाऊ अगदी सारखे दिसतात. मला क्षणभर वाटलं, आपण पुन्हा मघाच्याच अंगणात आलोय आणि या खेपेला उशीर झालाय.

स्कूटर थांबायच्या आतच मामा उतरले, कोलमडले, उठले.

"भूपाल! उघडू नको! भूपाल!"

भूपालमामांनी मान वळवली. भावाला बघितलं. मग बायकांकडे बघून म्हणाले, "कोण गं ह्यो? कुणी ओळखतंय का ह्येला?"

बायकांनी माना खाली घातल्या.

"आत गॅस असंल," मामा धापा टाकत म्हणाले. "फोन खोटं सांगतोय. ती कंपनी... ती तिकडची... मोठीनं बारकीला घेतली. बारकीची माणसं पायजे होती, मशीन नको होती. म्हणून बंद केलं. सांगितलं न्हाई आपल्याला. आकडं शिळं हैत. इचार हिला!"

ज्या माणसानं माझं एकही टिपण वाचलं नव्हतं, त्यानं ती बातमी मी लिहिली नसती इतकी नीट सांगितली होती.

"खरं आहे, मामा," मी म्हणाले. "हात जोडते. दार नका उघडू."

"तू गप बस, त्रिशला. तुला पुढं घालून आणलंय ह्येनं." भूपालमामांचा चेहरा लालबुंद झाला होता. "इतकी वर्सं तोंड उघडलं न्हाई. माझी बायको आजारी पडली तेव्हा न्हाई उघडलं. आणि आज उघडलं, कशासाठी? सौद्याच्या दिवशी माझ्या कामाच्या बायका पळवून लावायला? गॅस हाय म्हणे! उद्या बाजारात सांगत फिरणार, भूपालचा माल वासाचा."

"तसं न्हाई रं..."

"कसं हाय ते मला ठाऊक हाय."

आणि त्यांनी कडी ओढली.

मी डोळे मिटले नाहीत. मिटायला हवे होते. मला दिसलं, मामा धावले. मागं नव्हे, बाहेर नव्हे, दाराकडं. भावाला दोन्ही हातांनी कवेत घेऊन त्यांनी त्याला उलटं फिरवलं आणि स्वतःची पाठ उघडत्या दाराकडं केली. जाड दार सावकाश फिरलं. आतून पांढरी गार वाफ दोघांच्या डोक्यावरून लोळत बाहेर आली आणि त्यात दोघंही दिसेनासे झाले.

माझ्या तोंडून आवाज निघाला असेल तर तो मला ऐकू आला नाही.

वाफ खाली बसली. दोघं तसेच उभे होते. आतून बेदाण्याचा गोडसर, गार वास येत होता. बाकी काही नाही. डोळ्यांत पाणी नाही, घशात काटा नाही. चेंबर स्वच्छ होतं.

"सोड," भूपालमामा म्हणाले.

मामांनी सोडलं नाही.

"सोड की. बायकांच्या देखत काय मिठी मारतोस. कुठाय तुझा गॅस? घे, वास घे. बेदाणा हाय. पयल्या नंबरचा बेदाणा हाय."

"शिव्या दे," मामा त्याच्या खांद्यात तोंड घालून म्हणाले. "दे अजून. थांबू नको."

भूपालमामांनी त्यांना ढकलायला हात वर केला आणि तो हात तिथंच राहिला. ते भावाच्या सदऱ्याशी हुंगत होते.

"तुझ्या अंगाला गंधकाचा वास येतोय."

"हूं."

"वात लावलीस?"

"लावली. तीन नंबरला. खालनं."

"मग?"

"पांढरा धूर."

तो धंदा भूपालमामांच्या हाडात होता. पांढरा धूर म्हणजे काय ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी भावाच्या खांद्यावरून पलीकडं, ओढ्याच्या दिशेला बघितलं, जिथं आता गाड्यांचे आवाज येत होते. मग स्वतःच्या उरलेल्या चेंबरच्या बंद दारांकडे एकेक करून बघितलं.

"कडी तुझ्या हातात होती?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी खाली गेला होता.

मामांनी मान डोलवली. भूपालमामांनी त्यांना काखेत धरून सावकाश पायरीवर बसवलं, आणि स्वतः पुढ्यात उकिडवे बसले.

"ए!" ते मागं न बघता आपल्या माणसांवर ओरडले. "दुसरं कुठलंबी दार उघडायचं न्हाई! बायका बाहेर काढा सगळ्या. गंधक आणा. आणि पाणी आण रे कुणीतरी." मग उठता उठता थांबून, आणखी चिडक्या आवाजात म्हणाले, "गाळून आण. आमचा थोरला बिनगाळलेलं पीत न्हाई."